सांवेरजवळची नऊ बिघे जमीन, बटाई आणि सरकारी योजना: आधी खसरा उघडा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. सांवेर तहसिलीत नऊ बिघे जमीन अजून त्यांच्याच नावावर आहे. तुम्ही इंदुरात नोकरीला, बहीण उज्जैनला, भाऊ पुण्यात, आई तुमच्याजवळ. जमीन गेली बारा वर्षे एकाच माणसाकडे निम्म्या बटाईने आहे आणि कागद कसलाच नाही. तुम्ही विचारता, सरकारच्या कोणकोणत्या योजना मिळतील, आणि त्यांच्या आधाराने जमीन ठेवावी की विकून मोकळे व्हावे.

इंदूर जिल्ह्यात कृषी विभागात माझी एकतीस वर्षे गेली. सुरुवात ग्रामीण कृषी विस्तार अधिकारी म्हणून झाली, गावात आम्हाला ग्रामसेवकच म्हणत. सांवेर, हातोद, देपालपूर हा सगळा भाग मी आधी मोपेडवरून आणि नंतर विभागाच्या जीपमधून पाहिला. योजनांची नावे सरकारागणिक बदलली. माणसे अडायची ती जागा मात्र कधी बदलली नाही: पैसा खसऱ्यातल्या, म्हणजे जमिनीच्या आणि पिकाच्या सरकारी नोंदीतल्या, नावाकडे जातो. तुमच्या खसऱ्यात ज्यांचे नाव आहे ते हयात नाहीत, आणि जो माणूस नांगर धरतो त्याचे नाव कुठेच नाही. म्हणून योजनांची यादी हाती घेण्याआधी ही दोन नावे नीट करावी लागतील. त्याच क्रमाने सांगते.

पहिले काम फौती नामांतरणाचे, म्हणजे गेलेल्या माणसाच्या जागी वारसांची नावे लावण्याचे. तहसिलीत किंवा लोकसेवा केंद्रात अर्ज द्या. मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती, सगळ्यांचे आधार आणि जुनी पावती, म्हणजे भू-अधिकार ऋण पुस्तिका, सोबत लागेल. विक्रीच्या नोंदी आता सायबर तहसिलीतून आपोआप होतात, वारसाच्या नोंदीसाठी मात्र तुम्हालाच हलावे लागते. वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल आणि जमीन त्यांनी स्वतः घेतलेली असेल, तर आई आणि तुम्ही तिघे भावंडे असे चौघांचे सारखे हिस्से होतात. आजोबांपासून आलेली असेल तर हिशेब वेगळा पडू शकतो. एकदा वकिलाकडून समजून घ्या.

इथे एक गोष्ट मनापासून सांगते. वारसांच्या यादीत बहिणीचे नाव घाला. "तिला काय करायचंय, तिच्या सासरी भरपूर आहे" हे वाक्य मी पंचनाम्याच्या वेळी शेकडो वेळा ऐकले आहे. २००५च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्यात मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तिला हिस्सा नको असेल तर ती नंतर रीतसर हक्कत्याग करील, तो तिचा निर्णय. नाव गाळून केलेले नामांतरण दहा वर्षांनी विक्रीच्या, कर्जाच्या किंवा भूसंपादनाच्या वेळी उघडे पडते. मग भावाबहिणींनी कोर्टाच्या बाकावर दोन टोकांना बसायचे, हे मी पाहिलेले आहे.

नामांतरण झाले की चौघांचे फार्मर आयडी करून घ्या. हा अकरा अंकी क्रमांक जमिनीच्या नोंदीला आणि आधारला जोडलेला असतो, आणि एकेक योजना आता त्याच्यावर येऊन थांबते आहे. गेलेल्या माणसाच्या नावाने तो निघत नाही. नामांतरण आणखी दोन वर्षे रखडले तर काय होईल, ते यावरून समजा.

आता रोख मदतीचे. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत येतात. मध्य प्रदेशाने २०२० मध्ये मुख्यमंत्री किसान कल्याण योजना सुरू केली. तीत आधी ४,००० मिळत, २०२३ पासून ६,००० झाले. दोन्ही मिळून १२,००० होतात. राज्याची रक्कम केंद्राच्या यादीतल्यांनाच मिळते, म्हणून केंद्राची पात्रता महत्त्वाची. गेल्या वर्षी इन्कम टॅक्स भरलेला माणूस, सरकारी नोकर (चतुर्थ श्रेणी सोडून), महिना १०,००० किंवा अधिक पेन्शन घेणारा, डॉक्टर, वकील, इंजिनिअर असा नोंदणीकृत व्यवसाय करणारा यांना ती नाही. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर आली असेल तरी सहसा नाही, पण वारसाने आली असेल तर चालते. तुम्ही टॅक्स भरत असाल तर स्वतःसाठी अर्ज करू नका. शेजाऱ्याने घेतला म्हणून आपणही घ्यायचा आणि मग वसुलीची नोटीस आली की धावपळ करायची, हे इंदुरातल्या कितीतरी नोकरदार घरांत झाले आहे. आईंच्या नावावर हिस्सा आला, त्या टॅक्स भरत नसतील आणि वरच्या कोणत्याच अटीत बसत नसतील, तर त्या हक्काने पात्र आहेत. आणखी एक पाहा: वडिलांच्या खात्यात ते गेल्यानंतरही हप्ते जमा होत असतील, तर ते पैसे खर्च करू नका. आपणहून कळवून परत करा.

आता बटाई. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा भाग मला हाच वाटतो, आणि तुम्ही तो एका ओळीत संपवलात.

मालव्यात बटाई तोंडी का असते? भीतीने. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ च्या कलम १६८ प्रमाणे विधवा, अपंग असे काही अपवाद सोडले, तर भूमिस्वामीने तीन वर्षांत एका वर्षापेक्षा जास्त काळ जमीन पट्ट्याने द्यायची नाही, असे बंधन होते. ते मोडले तर कसणाऱ्याला मौरूसी कृषकाचे, म्हणजे कायम कुळाचे, हक्क मिळू शकत. त्यामुळे "कागद करू नका, जमीन जाईल" हे घराघरांत पक्के बसले. तुमच्या वडिलांनीही बहुधा त्याच कारणाने काही लिहिले नसेल, त्यात त्यांची चूक नाही. पण २०१६ मध्ये राज्याने भूमिस्वामी आणि बटाईदार यांच्या हितांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यानुसार साध्या कागदावर ठरलेल्या नमुन्यात करार होतो, मुदत जास्तीत जास्त पाच वर्षे. तीन प्रती करायच्या: एक तुमची, एक त्यांची, एक तहसीलदाराकडे. मुदत संपली की जमीन तुमच्या ताब्यात परत येते आणि बटाईदाराला मालकीचा हक्क लागत नाही. म्हणजे ज्या कागदाला तुमच्या घरात भीत आले, तोच आज तुमचे रक्षण करतो. बारा वर्षे तोंडी चाललेली वहिवाट त्याहून कच्ची आहे.

कराराने त्यांना काय मिळते तेही पाहा. हमीभावाच्या गहू खरेदीत सिकमी (दुसऱ्याची जमीन पट्ट्याने कसणारा) आणि बटाईदार शेतकऱ्याची नोंदणी सहकारी समितीच्या केंद्रावर करार दाखवून होते. २०२५ च्या रब्बी खरेदीत केंद्राचा हमीभाव क्विंटलला २,४२५ आणि राज्याचा बोनस १७५, असा २,६०० रुपये दर होता. करार नसेल तर तो माणूस तुमच्या नावावर विकतो, पैसे तुमच्या खात्यात येतात आणि हिशेब होईपर्यंत त्याला वाट पाहावी लागते. आणि वडिलांच्या नावावर तर आता विक्रीही होत नाही, म्हणजे गेली दोन वर्षे तो बहुधा बाजारभावानेच विकत असणार. त्याचा निम्मा तोटा तुमचा आहे.

सोयाबीनचे गणित जरा वेगळे आहे. २०१७ मध्ये भावांतर योजना आली तेव्हा मी मंडीतच ड्युटीवर असे. २०२५ च्या खरिपात सोयाबीनसाठी ती पुन्हा आणली, हमीभाव ५,३२८ होता. सरकार माल विकत घेत नाही. शेतकरी मंडीत विकतो, राज्यातल्या मंड्यांच्या सरासरीवरून मॉडेल भाव निघतो आणि फरक खात्यात येतो. समजा मॉडेल भाव ४,००० निघाला. तुमचा माल ४,३०० ला गेला तर १,०२८ मिळतील, बेरीज ५,३२८. पण माल ओला, डागी निघाला आणि ३,५०० ला गेला, तर मिळतात १,३२८ च, हाती ४,८२८. मॉडेल भावाखालचा तोटा आपला. म्हणून माल वाळवून, चाळून नेणे हाच भावांतरातला खरा फायदा, हे मी प्रत्येक सभेत सांगत असे. आणि घरापर्यंत येऊन तोलून नेणाऱ्या व्यापाऱ्याला दिलेला माल योजनेत धरला जात नाही. मंडीतली विक्रीची नोंद लागते. २०१७ ला योजना सुरू होताच मंडीत भाव घसरले, तेव्हा शेतकरी आमच्यावरच चिडले होते. त्यांचा राग समजण्यासारखा होता. यंदा कोणत्या पिकाला भावांतर आणि कोणत्याची सरळ खरेदी, हे प्रत्येक हंगामात नव्याने जाहीर होते. नोंदणीची मुदत फार थोडी असते, तेवढी सांभाळा.

या सगळ्याच्या मुळाशी गिरदावरी आहे, म्हणजे कोणत्या शेतात कोणते पीक उभे आहे याची सरकारी नोंद. शेतात लसूण आणि नोंद गव्हाची, असे झाले की नोंदणी अडते, विमा अडतो, राजस्व पुस्तक परिपत्र ६-४ खाली मिळणारी आपत्तीची मदतही अडते. पेरणीनंतर महिनाभराने स्वतः ऑनलाइन खसरा उघडून पीक कोणते दाखवले आहे ते पाहा. चूक असेल तर त्याच हंगामात दुरुस्तीसाठी अर्ज द्या. कापणीनंतर पटवाऱ्याला, म्हणजे तलाठ्याला, तरी काय दिसणार?

पीकविम्यात शेतकऱ्याचा हप्ता खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के आणि रब्बीला १.५ टक्का असतो, बाकीचा सरकार भरते. बटाईदारही कराराच्या आधाराने विमा घेऊ शकतो. लोकांची तक्रार असते की आमचे शेत बुडाले आणि पैसे आले नाहीत. त्याचे कारण असे की साधारण नुकसान पटवारी हलक्याच्या, म्हणजे एका पटवाऱ्याच्या हद्दीच्या, सरासरीवर ठरते, एकट्या शेतावर नाही. पण गारपीट, शेतात पाणी तुंबणे, किंवा कापून वाळत टाकलेल्या सोयाबीनवर चौदा दिवसांत अवकाळी पाऊस पडणे, यांची पाहणी शेताप्रमाणे होते. अट एकच, ७२ तासांच्या आत कळवले पाहिजे. मालव्यात सप्टेंबरअखेरीचा पाऊस अगदी हेच करतो. बटाईदाराच्या मोबाइलमध्ये १४४४७ हा पीकविम्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक आजच भरून द्या, कारण शेतावर तो असतो, तुम्ही नाही. आणि करारात एक कलम आवर्जून घाला: विमा किंवा आपत्तीची मदत कोणाच्याही खात्यात आली तरी ती पिकाच्या हिश्श्याप्रमाणेच वाटली जाईल. बियाणे आणि मजुरी त्याची गेलेली असते. मदत मात्र मालकाच्या खात्यात पडून राहते, हा अन्याय मी फार जवळून पाहिला आहे.

पाच वर्षांच्या मुदतीचा आणखी एक गुण आहे. मी इंदूरच्या कृषी महाविद्यालयात शिकले. त्याच जागी १९२४ मध्ये होळकर दरबारच्या मदतीने वनस्पती उद्योग संस्था उभी राहिली आणि अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९३१ पर्यंत तिथे काम करून कंपोस्टची "इंदूर पद्धत" बसवली. शेणखताचा गुण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दिसतो. पुढच्या वर्षी जमीन आपल्याकडे राहील की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो ट्रॉलीभर खत का टाकील? तो युरिया टाकून यंदाचे पीक काढील. बटाईच्या जमिनी उतरतात त्या अशाच.

आता पाणी. सबसिडीच्या योजनांपैकी एकच निवडायची झाली तर मी तळे निवडीन. "डग-डग रोटी, पग-पग नीर" हे मालव्याचे वर्णन आपल्या आजोबांच्या काळात खरे होते. ट्यूबवेल खोल खोल जात गेले आणि ते संपले. शेजारच्या देवास जिल्ह्यात २००६ मध्ये कलेक्टर उमाकांत उमराव यांनी मोठ्या शेतकऱ्यांना समजावले की जमिनीचा दहावा भाग तळ्याला द्या. त्या तळ्यांना "रेवा सागर" म्हणत. टोंक खुर्दकडची ती तळी मी त्या वर्षांत पाहून आले. ज्या शेतांत रब्बी पडीक जायची तिथे हरभरा आणि गहू उभा होता. त्यानंतर २००७ मध्ये राज्याने बलराम तालाब योजना आणली: सामान्य शेतकऱ्याला खर्चाच्या ४० टक्के, लहान आणि सीमांत शेतकऱ्याला ५० टक्के, दोघांनाही ८०,००० रुपयांपर्यंत, अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के, १ लाखापर्यंत. अलीकडे जल गंगा संवर्धन अभियानातही शेततळी खोदली गेली. दर वर्षी जिल्ह्याला लक्ष्य येते आणि ते संपले की अर्ज पडून राहतो, म्हणून चौकशी एप्रिलमध्येच करा.

तुमच्या जमिनीचा हिशेब करून देते. नऊ बिघे म्हणजे साधारण सव्वादोन हेक्टर. वर तीस मीटर बाय तीस मीटर, खोली तीन मीटर, बाजू उतरत्या, असे तळे खोदले तर सुमारे २,००० घनमीटर, म्हणजे २० लाख लिटर पाणी राहते. पाळ धरून अर्धा बिघा जमीन जाते. हरभऱ्याच्या एका पाण्याला हेक्टरी पाच-सहाशे घनमीटर लागतात, म्हणजे बाष्पीभवन वजा जाऊनही सगळ्या शेताला एक पाणी पुरते आणि थोडे उरते. हरभऱ्याला ते एक पाणी योग्य वेळी मिळणे म्हणजे पीक हाती येणे. आपली काळी माती पाणी धरते, मात्र मुरूम वर असेल तर तळे झिरपते. म्हणून यंत्र लावण्याआधी एक खड्डा खोदून मातीचा थर किती खोल आहे ते बघाच.

एक बारकावा. चौघांत हिस्से पडले की प्रत्येकाच्या वाट्याला अर्ध्या हेक्टरहून थोडे अधिक येते, म्हणजे कागदावर प्रत्येकजण सीमांत शेतकरी होतो. ठिबक-तुषारला लहान-सीमांतांसाठी ५५ टक्के आणि इतरांसाठी ४५ टक्के अनुदान आहे. पण अनुदानाच्या लोभाने जमिनीचे प्रत्यक्ष चार तुकडे करू नका. बांध, रस्ता आणि विहिरीची पाळी यांवरून जी भांडणे होतात, त्यांत अनुदान कधीच फिटून जाते. खाते सामाईक ठेवा, हिस्से नोंदवा, आणि बाकीच्यांची संमती शपथपत्रावर घ्या.

यंत्रांचे अनुदान ई-कृषी यंत्र पोर्टलवर लॉटरीने मिळते. तुम्ही स्वतः कसत नाही, तेव्हा त्यात पडू नका. गावातल्या कस्टम हायरिंग केंद्रातून बटाईदार भाड्याने आणील.

सहकारी समितीचे कर्ज मात्र तपासा. मध्य प्रदेशात ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज शून्य टक्क्याने मिळते, पण मुदत चुकली की व्याज लागते आणि खाते कालातीत, म्हणजे थकीत, होते. २०१८ च्या डिसेंबरात २ लाखांपर्यंत कर्जमाफी जाहीर झाली, तेव्हा आपले नाव येईल या आशेने अनेकांनी भरणा थांबवला आणि ते कायमचे थकबाकीदार होऊन बसले. वडिलांचे तसे काही राहिले असेल तर ते वारसांकडे येते. समितीतून नो ड्यूज मागा, काय निघते ते कळेल.

विकावी की ठेवावी, हे मी इथून ठरवू शकत नाही. ते मुख्यतः जमीन नेमकी कुठे आहे यावर अवलंबून आहे. पश्चिम रिंग रोड, इंदूर-उज्जैनचा नवा ग्रीनफील्ड रस्ता, विकास योजनेत येणारी गावे, या सगळ्यांनी सांवेर-हातोदकडची जमीन आता नुसती शेतजमीन राहिलेली नाही. पिथमपूरच्या इकॉनॉमिक कॉरिडॉरमध्ये जमीन देणाऱ्याला विकसित भूखंडाचा ६० टक्के वाटा ठरला, पण प्रत्येक प्रकल्पाच्या अटी वेगळ्या असतात. खसरा क्रमांक घेऊन नगर तथा ग्राम निवेशच्या, म्हणजे नगररचना विभागाच्या, कार्यालयात जा आणि जमीन कोणत्या आखणीत येते ते लेखी मागा. रस्त्यासाठी जाणार असेल तर नामांतरणाची घाई आणखी वाढते, कारण मोबदलासुद्धा खसऱ्यातल्या नावालाच मिळतो. कशातच येत नसेल आणि चौघांपैकी कोणालाही पैशाची आजची नड नसेल, तर मी ठेवीन. मालव्याच्या काळ्या मातीची नऊ बिघे एकदा गेली की नोकरदार कुटुंबाला ती पुन्हा घेता येत नाहीत. आईंच्या उपचारासाठी किंवा भावाच्या घरासाठी पैसा हवा असेल, तर विकण्यात काही गैर नाही. तसे झाले तर बारा वर्षे जमीन सांभाळणाऱ्या त्या माणसाला निदान एक हंगाम आधी सांगा.

नामांतरणाचा अर्ज या महिन्यात द्या. करार मात्र पेरणीच्या आत झाला पाहिजे, आणि तो करायला बटाईदाराला तहसिलीत बोलावू नका, तुम्ही शेतावर जा. आईंना नेता आले तर न्या. वडिलांच्या माघारी त्या घरातले कोणी बांधावर आलेले पाहून त्या माणसाला किती बरे वाटेल. तिथे त्यांना दोन गोष्टी विचारा: ट्यूबवेल कोणत्या महिन्यात आटतो, आणि पावसात शेतातले पाणी कोणत्या कोपऱ्याकडे वाहते. उत्तरे इथे कळवा, तळे कुठे बसेल ते मी सांगते.